नांदायला ये म्हणणारा कायदा

(नाशिक येथे महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मला ‘धर्म, सरकार आणि कायदा’ असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. त्यावर बोलायला लागलं की चर्चा लगेच तलाक, समान नागरी कायदा, कुठल्या समाजाचे किती लाड होतात, अशा ठरलेल्या रस्त्याला लागते. दोन तासांनी सगळ्या दमतात आणि जिने तिने आपलं आधीचंच मत घरी नेलेलं असतं. म्हणून मी आज एकाच कलमाबद्दल बोलायचं ठरवलं आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. कायद्याच्या पुस्तकात त्याला ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’ म्हणतात. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला कलमाचा आकडा माहीत नसतो. ती म्हणते, “ताई, त्याने नांदायला येण्याची केस टाकलीय.”

मी वकील नाही. समाजकार्याची पदवी घेऊन गेली दहा-बारा वर्षं कुटुंब सल्ल्याचं काम करते आहे. तेव्हा कोर्टाच्या बाकावर बाईच्या शेजारी बसून जे दिसतं, तिथून मी बोलणार आहे.

या केसची चाल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बाई मारहाणीला, उपासमारीला किंवा संशयाला कंटाळून माहेरी येते. वर्ष-दीड वर्ष सासरचं कुणी फिरकत नाही. मूल आजारी पडलं तरी विचारपूस नाही. शेवटी भाऊ-भावजय कुरकुरायला लागतात आणि ती पोटगीचा अर्ज करते. अर्जाची नोटीस सासरी पोचली की नवऱ्याला बायकोची आठवण येते. थोड्याच दिवसांत त्याच्या वकिलाचा कागद येतो. त्यात लिहिलेलं असतं की पत्नी काहीही सबळ कारण नसताना घर सोडून गेली, मी तिला नांदवायला तयार आहे, कोर्टाने तिला परत येण्याचा हुकूम करावा. दावा बहुतेक वेळा त्याच्या तालुक्याच्या गावी लावलेला असतो. निफाडकडे द्राक्षबागेत मजुरी करणारी बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टात तारखेला जाते तेव्हा तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो, वर एसटीचं भाडं जातं, आणि बऱ्याचदा तिथे गेल्यावर पुढची तारीख मिळते.

हुकूमनामा झाला तरी पोलीस तिला दंडाला धरून सासरी नेऊन सोडत नाहीत. ही गोष्ट आपण बायकांना सगळ्यात आधी सांगायला हवी, कारण त्यांना खरी धास्ती तीच असते. कायद्यात अंमलबजावणीसाठी मालमत्तेच्या जप्तीची तरतूद आहे. आता आपल्याकडे येणाऱ्या बाईच्या नावावर जप्त करण्यासारखं काय असतं? तेव्हा कागदाचा खरा उपयोग दुसरीकडे होतो. एक म्हणजे, “ती कारण नसताना नांदत नाही, मग पोटगी कसली?” असं म्हणायला नवऱ्याला आधार मिळतो. फौजदारी संहितेच्या १२५ कलमात ही पळवाट होती आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी संहिता लागू झाली तिच्या १४४ कलमातही ती आहे. दुसरं म्हणजे, हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. ‘ये, नांद’ म्हणून सुरू झालेली केस अशी सोडचिठ्ठीपाशी जाऊन संपते.

आता आजच्या विषयाकडे येते. हे कलम कायद्यात का आहे, असं विचारलं तर उत्तर काय मिळतं? “आपल्या धर्मात लग्न हा संस्कार आहे. परदेशासारखा तो करार नाही. म्हणून आपला कायदा घर सांभाळायला बघतो.” हे उत्तर मी वकिलांकडून ऐकलं आहे, समझोता करणाऱ्या मंडळींकडून ऐकलं आहे आणि आपल्या काही कार्यकर्त्यांकडूनही ऐकलं आहे. म्हणून या कलमाचा जन्म कुठे झाला ते नीट बघू या.

ते जन्मलं इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांत. तिथे कित्येक शतकं लग्नाचे तंटे राजाच्या कोर्टात चालत नसत, ते चर्चच्या कोर्टात चालत. चर्चच्या मते लग्न हे देवासमोर बांधलेलं अतूट बंधन. त्यामुळे आपण ज्याला घटस्फोट म्हणतो तो देण्याचा अधिकारच त्या कोर्टांना नव्हता. नवरा किंवा बायको घर सोडून गेली तर ‘परत जा आणि एकत्र राहा’ असा हुकूम ती देत. हुकूम मोडणाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत करत. १८१३ साली कायदा होऊन या बहिष्काराच्या जागी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगाची शिक्षा आली. १८५७ साली इंग्लंडने लग्नाचे खटले चर्चच्या हातातून काढून सरकारी कोर्टाकडे दिले. कोर्ट बदललं, पण चर्चचा हा नियम तसाच नव्या कोर्टात आला. १८८४ साली तिथे तुरुंगाची शिक्षा गेली. आणि १९७० साली कायदा करून इंग्लंडने हा दावाच रद्द करून टाकला.

म्हणजे ज्यांच्या धर्माचा हा नियम होता त्यांनी तो सोडून पन्नासहून अधिक वर्षं झाली. आपण मात्र तो आपली संस्कृती म्हणून धरून बसलो आहोत.

मग तो आपल्याकडे आला कसा? १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने व्यवस्था लावून दिली होती की लग्न, वारसा, जात अशा बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यायचा. ऐकायला वाटतं की सरकारने धर्माला हात लावला नाही. प्रत्यक्षात शास्त्र कोणतं, त्याचा अर्थ कोणता, हे ठरवायला इंग्रज न्यायाधीश बसले आणि जिथे अडेल तिथे त्यांनी आपल्या देशातले नियम वापरले. १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यात असा दावा चालू शकतो असं मान्य केलं. चर्चचा नियम अशा रीतीने मुसलमानांच्या आणि हिंदूंच्या लग्नात शिरला.

यानंतर जे नाव येतं ते आपल्या मराठी मुलखातलं आहे. डॉ. रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या सासरी गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे मुंबईत राहिल्या, शिकल्या. १८८४ साली दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. हे लग्न मला समजत नव्हतं तेव्हा झालं, माझी त्याला संमती नव्हती, मी या माणसाबरोबर राहणार नाही. त्या काळात बाईने ‘संमती’ हा शब्द कोर्टात उच्चारणं केवढी गोष्ट होती, ते आपल्याला आजही कळतं. त्याच सुमारास ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रंही लिहिली.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की असे दावे इंग्लंडमधून इथे आणून लावलेले आहेत, हिंदू कायद्यात त्यांना आधार नाही, आणि तरुण बाईला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्याच्या हवाली करणं रानटीपणाचं होईल. दादाजी अपिलात गेले. अपिलात हा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं, मी तुरुंगात जाईन. इंग्लंडमध्ये ती शिक्षा तीन वर्षांपूर्वीच रद्द झाली होती, हे लक्षात घ्या. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनामा बजावायचं सोडून दिलं. पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सुरतेला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली.

या खटल्याने महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं! बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरुद्ध होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करण्यात आलं. बंगालमधल्या फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने मृत्यू झाल्यावर हा प्रश्न पेटला होता. त्याही वेळी टिळकांची भूमिका अशी होती की सुधारणा समाजाने आपल्या आपण करावी, परक्या सरकारने आमच्या धर्मात कायद्याने हात घालू नये.

परक्या सरकारबद्दलचा हा संशय मी हसण्यावारी नेत नाही. गुलामीत असलेल्या समाजाला तसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण एक विसंगती बघा. दादाजी बायको मिळवायला कुठे गेले? त्याच परक्या सरकारच्या कोर्टात. दावा कुठला लावला? इंग्रजांच्या चर्चमधून आलेला. त्या वेळी ‘आमच्या धर्मात सरकार कशाला?’ असं जुन्या मताच्या पुढाऱ्यांनी म्हटलं नाही. कायदा नवऱ्याच्या बाजूने चालला तेव्हा तो धर्माला धरून होता, आणि दहा वर्षांच्या पोरीच्या बाजूने यायला लागला तेव्हा धर्म बुडायला लागला.

मला वाटतं, आजच्या विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे. ‘धर्म आणि कायदा वेगळे ठेवा’ किंवा ‘धर्मात ढवळाढवळ करू नका’ ही वाक्यं कोण, केव्हा, कुणासाठी वापरतं ते आपण बघायला पाहिजे. बाईच्या बाबतीत त्यांची सीमारेषा सोयीप्रमाणे सरकत आली आहे, आणि ती सरकवताना बाईला कुणी विचारलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? हिंदू कोड बिल रखडवलं गेलं. त्या आणि इतर कारणांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याने आपल्याला पुष्कळ दिलं. दुसरी बायको करायला बंदी आली, घटस्फोटाचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात कलम ९ म्हणून चर्चचा तो जुना नियमही आला. लोकसभेत आचार्य कृपलानी आणि खर्डेकर यांनी त्याला कडक शब्दांत विरोध केला होता. तो टिकला नाही. १९७६ साली दुरुस्ती करताना आणखी एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. घर सोडायला योग्य कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी घर सोडणाऱ्या व्यक्तीवर टाकली. म्हणजे मार खाल्ला तिने, आणि पुरावाही तिनेच आणायचा.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या. ज्या दाव्याविरुद्ध त्या तुरुंगात जायला तयार झाल्या होत्या, तो स्वतंत्र भारताच्या कायद्यात येऊन तेव्हा चार महिने झाले होते.

पुढे संविधानाच्या कसोटीवर हे कलम तपासण्याची वेळ आली. १९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी अभिनेत्री सरिता यांच्या खटल्यात कलम ९ रद्द ठरवलं. बाईने कुणाबरोबर राहावं, मूल होऊ द्यावं की नाही, हे तिच्या शरीराचे आणि खाजगी आयुष्याचे निर्णय आहेत, सरकारने ते हुकमाने करायला लावू नयेत, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने नेमकं उलटं म्हटलं. घराच्या खाजगीपणात आणि नवरा-बायकोच्या संबंधांत संविधानाच्या समानतेच्या कलमांना जागा नाही, असं त्या कोर्टाचं मत पडलं. १९८४ साली सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची बाजू उचलून धरली आणि कलम ९ वाचलं.

या सरोज राणी खटल्याची हकिगत आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आपल्याला नेहमी सांगितलं जातं की हे कलम बायकांच्याही उपयोगाचं आहे, टाकलेल्या बाईला त्यातून घर परत मिळतं. तो दावा मुळात बायकोनेच लावला होता. नवऱ्याने कोर्टात हरकत घेतली नाही, हुकूमनामा होऊ दिला. मग एकत्र राहणं झालं नाही म्हणून वर्षभराने त्याच हुकूमनाम्यावर त्याने घटस्फोट मागितला, आणि तो त्याला मिळाला. घर मिळावं म्हणून तिने जो कागद मिळवला, तोच तिला घराबाहेर काढायला उपयोगी पडला.

आता आपल्यातल्या मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध मैत्रिणी म्हणतील की हा हिंदूंचा प्रश्न झाला. तसं नाही. हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख लग्नांनाही लागू आहे. ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात हा दावा आहे. पारशांच्या १९३६ च्या कायद्यात आहे. मुस्लिम जोडप्यांच्या बाबतीत कोर्टं तो प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून मानत आली आहेत. धर्माचा संबंध नको म्हणून ज्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आपण नोंदणी करतो, त्यातही कलम २२ म्हणून तो हजर आहे. समान नागरी कायदा हवा म्हणून एवढा गलका होतो, पण या एका बाबतीत तो केव्हाच झालेला आहे! सगळ्या धर्मांच्या बायकांना समान हुकूम: नांदायला जा.

म्हणून ‘समान’ हा शब्द ऐकून आपण लगेच हुरळून जाऊ नये आणि लगेच घाबरूही नये. उत्तराखंडने २०२४ साली समान नागरी संहिता केली, ती २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. त्या संहितेतही वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेची तरतूद ठेवलेली आहे. कायद्याच्या नावातून धर्म गेला, चर्चचा नियम राहिला. उलट बाजूने बघा. ख्रिस्ती बायकांना १८६९ च्या कायद्याखाली घटस्फोट हवा असेल तर नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याबरोबर क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा नुसता व्यभिचार पुरत असे. इंग्लंडने हा भेद १९२३ साली काढून टाकला. आपल्याकडे ख्रिस्ती बायकांना त्यासाठी कोर्टात झगडावं लागलं. १९९७ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. धर्म न सोडता, आपल्याच समाजाच्या कायद्यातला अन्याय बायकांनी काढून टाकला.

आपल्या नाशिकला तर हे सगळं नवीन नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थात सरकार आणि धर्म इथे एकाच घाटावर उभे असतात. रस्ते, पाणी, पोलीस, दवाखाने सगळं सरकारच बघतं. धर्म आणि सरकार यांच्यात आपल्या देशात भिंत कधीच नव्हती. आणि काही वेळा सरकारने धर्माच्या दारात जावं यासाठी लोकांनीच लढा दिला आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. त्यात बायकाही होत्या. तेव्हा दार उघडलं नाही. स्वातंत्र्यानंतर कायद्याने उघडलं. मंदिर प्रवेशाबद्दलचा १९५६ चा जो राज्याचा कायदा आहे, त्याच्याच आधारे १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई हायकोर्टाने सांगितलं की पुरुषांना जिथे जाता येतं तिथे बायकांना अडवता येणार नाही. तो निकाल शनिशिंगणापूरच्या निमित्ताने होता, पण त्याच महिन्यात आपल्या त्र्यंबकेश्वरालाही गाभाऱ्याचा प्रश्न किती तापला होता ते तुम्हाला आठवत असेल.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे. कायदा काळारामाच्या दारापर्यंत जाऊ शकतो, शनीच्या चौथऱ्यापर्यंत जाऊ शकतो, मग बाईच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर आल्यावर त्याला खाजगीपणा का आठवतो? आणि खाजगीपणा एवढा पवित्र आहे तर ‘नांदायला जा’ हा हुकूम त्या खाजगीपणात कसा बसतो?

आपल्या गटांमधल्या कितीतरी बायका वारी करतात, रोजे धरतात, विहारात जातात, रविवारी चर्चला जातात. धर्म आणि कायदा वेगळे करा म्हटलं की त्यांना वाटतं, या संस्थावाल्या बाया आमचा देव काढून घ्यायला आल्या. आपण स्पष्ट सांगितलं पाहिजे की तुमच्या श्रद्धेशी आमचं भांडण नाही. नवऱ्याबरोबर राहणं हे माझं धर्मकर्तव्य आहे असं एखादीला वाटत असेल तर तिने जरूर राहावं. पण ते कर्तव्य तिच्याकडून करून घेणं हे न्यायाधीशाचं काम नाही. त्यासाठी सरकारचा शिक्का वापरला जाऊ नये, एवढंच आपलं म्हणणं आहे.

दुसरी शंका वडीलधाऱ्या माणसांची असते. “हे कलम गेलं तर घरं मोडतील.” कोर्टाच्या हुकमाने जोडलेलं आणि सुखाने चाललेलं एक तरी घर तुमच्या माहितीत आहे का, असं मी त्यांना विचारते. समजूत घालायची तर त्यासाठी समुपदेशन आहे, नातेवाईक आहेत. आणि टाकलेल्या बाईला खरोखर घर द्यायचं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घराचा हक्क आहे, त्याची अंमलबजावणी करा. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या टाकलेल्या बायका पोटगी, निवारा आणि रोजगार मागत आल्या आहेत. मारणाऱ्या माणसाकडे परत पाठवा, अशी त्यांची मागणी नव्हती.

शेवटी कामाच्या गोष्टी. अशी नोटीस घेऊन बाई आली तर आपण काय करायचं?

पहिलं, नोटीस परत पाठवू नका आणि गप्पही बसू नका. ती हजर राहिली नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिसरं, ती घरातून का निघाली याची तारीखवार हकिगत तिच्याजवळ बसून लिहून काढा. दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यातली नोंद, मोबाइलवरचे निरोप, शेजारणीची साक्ष, सगळं जपून ठेवा. चौथं, त्याच दाव्यात कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. दावा लांबच्या जिल्ह्यात असेल तर तो आपल्याकडे वर्ग करून घ्यायला हायकोर्टात अर्ज करता येतो. पाचवं, १० जानेवारी २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांना आवर्जून दाखवा. झारखंडमधल्या त्या खटल्यात नवऱ्याजवळ नांदण्याचा हुकूमनामा होता, बायको गेली नव्हती. तिची तक्रार होती की घरातलं शौचालयसुद्धा तिला वापरू देत नव्हते. न्यायालयाने सांगितलं की नुसत्या हुकूमनाम्यावरून पोटगी आपोआप बुडत नाही, न जाण्याला पुरेसं कारण होतं का ते बघावं लागेल.

आणि मोठी मागणी अशी की हे कलम सगळ्याच कायद्यांतून गेलं पाहिजे. ही मागणी आपली एकट्याची नाही. स्त्रियांच्या स्थितीबद्दलच्या उच्चस्तरीय समितीने २०१५ साली ती केली आणि कायदा आयोगाने २०१८ च्या कुटुंब कायद्यावरील टिपणात तिला दुजोरा दिला. २०१९ साली विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पण आपल्यासारख्या गटांकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. आपल्याकडे नोटिसा आहेत.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक केंद्राने गेल्या तीन वर्षांत आलेल्या अशा नोटिसा काढून आणाव्यात. बाईचं नाव झाकायचं. पोटगीचा अर्ज कोणत्या तारखेला झाला आणि नांदायला येण्याचा दावा कोणत्या तारखेला लागला, या दोन तारखा शेजारीशेजारी लिहायच्या. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, सगळ्यांच्या एकाच कागदावर. तो कागद घेऊन आपण आपल्या आमदार-खासदारांकडे जाऊ आणि विचारू, यात धर्म कुठे आहे ते आम्हाला दाखवा.